पिवळं कपाट, तीनशे अंक आणि रद्दीवाला

खुर्चीवेडा
काल स्वीडिश फर्निचरच्या धाग्यावर सनमायकासम्राट यांनी पिंक टाकली : "थेसेलियसचं ते पिवळं कपाट म्हणजे श्रीमंतांचे चोचले. मोजकेच नग काढायचे नि भाव चढवायचा. आमचा सुतार आठ दिवसांत करून देईल." तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, ते कपाट कशासाठी आहे हे तरी बघितलंत का? नॅशनल जिओग्राफिकचे पंचवीस वर्षांचे अंक ठेवायला. बाकी कशासाठी नाही. रंगही मासिकाच्या चौकटीचाच. ज्याच्या घरात त्या अंकांचे पिवळे कणे वर्षानुवर्षं वाढत गेलेत, त्याला यातली गंमत लगेच कळते. स्वीडिश डिझायनर मॅट्स थेसेलियसने ते १९९० साली केलं, स्वीडनमधल्या वॅर्नामू गावच्या शेलेमो या फर्निचर कंपनीसाठी. तिचा मालक स्वेन लुंड म्हणायचा की फर्निचरने नजरेची झीजही सोसली पाहिजे. रोज बघून कंटाळा आला, तर लाकूड शाबूत असून उपयोग काय?

आणि मोजक्या नगांचं म्हणाल, तर तिथल्याच यूनास बोलीन या डिझायनरची काँक्रीटची खुर्ची आठवा. १९८१ चं कॉलेजचं शेवटच्या वर्षाचं काम. शेलेमोने तिचे १०० नग काढले. लाखभर खपवणाऱ्या कारखान्याने तिला दारात तरी उभं केलं असतं का? शंभरच काढायचे होते म्हणून तर ती निघाली.

सनमायकासम्राट
पिंक मीच टाकली, पुसणार नाही. त्या खुर्चीवर बसलायत कधी? नसाल, कारण ती बसायला नाहीच, फोटो काढायला आहे. मग तिला शिल्प म्हणा, आमची ना नाही. फर्निचर कशाला म्हणता?

ज्या देशात एलेन के या लेखिकाबाईंनी १८९९ साली सौंदर्य सगळ्यांसाठी असावं असं लिहिलं, ग्रेगोर पॉलसन या कला-इतिहासकाराने १९१९ मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तू सुंदर करा म्हणून कारखानदारांच्या मागे धोशा लावला, तिथेच मोजक्या नगांच्या कपाटांना नंबर? आजोबांनी अन्नछत्र चालवलं आणि नातू पंगतीला तिकीट लावतोय.

गोथेनबर्गकर
पंगत आवडली. पण तिकडचं अन्नछत्र बंद पडलेलं नाही हो. वॅर्नामू आणि स्वस्त फर्निचरवाल्या आयकियाचं एल्महुल्ट, दोन्ही गावं एकाच स्मोलंड प्रांतात. १९७९ पासून आयकियाचं बिली शेल्फ घराघरांत आहे, माझ्याकडेही दोन आहेत. सगळ्यांसाठीचं काम ते करतंय. मग एखाद्याने शंभर माणसांसाठी काही केलं तर बिघडलं कुठे? लुंडच्याच धडपडीतून वॅर्नामूला वांदालोरुम हे कला आणि डिझाइनचं संग्रहालय उभं राहिलं. ते उघडलं २०११ साली, त्याच्या निधनानंतर. नुसता भाव चढवणारा माणूस हे उद्योग करत नाही.

शमाताई
मला कपाटातलं काही कळत नाही, पण पिवळे कणे वाचून पोटात तुटलं. आमच्या आप्पांकडे १९६८ पासूनचे अंक होते. बदलीच्या गावी आधी अंकांच्या ट्रंका जायच्या, मग आम्ही. ते गेल्यावर दादाने महिन्याभरात सगळे रद्दीत घातले. किलोवर! रद्दीवाला म्हणे, गुळगुळीत कागद आहे, पुड्यांनाही चालत नाही, भाव कमी मिळेल.

डिजिटल दिगंबर
दादांचं काय चुकलं? १९९७ मध्येच सगळे जुने अंक सीडीवर आले होते. माळ्यावर वाळवी पोसायची हौस कोणाला?

शमाताई
सीडीच्या समासात आप्पांनी पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल का? आणि "हौस" हा शब्द जपून वापरा.

डिजिटल दिगंबर
ताई, भावना कळतात. पण माळा साफ करायला शेवटी सून चढते, हे आठवणी काढणारे विसरतात. आमच्या सासऱ्यांचे दिवाळी अंक उतरवताना माझी बायको स्टुलावरून पडली. मनगट मोडलं.

सनमायकासम्राट
तरी मी सांगतोय, सुतार बोलवा.

शमाताई
सुताराला बोलवायला अंक राहिलेत कुठे? दादा अजून म्हणतो, तुझ्याकडे जागा होती तर न्यायचे होतेस. तेव्हा आम्ही दीड खोलीत चौघं.

खुर्चीवेडा
धागा कपाटाचा होता, याची नम्र आठवण. पण आता मीही वाहवतो. शमाताई, थेसेलियसने नेमकं हेच तर केलंय. जी गोष्ट रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते, तिला त्याने मानाची जागा दिली. आप्पांच्या अंकांसाठी कपाट असतं, तर दादाला रद्दीवाला बोलवण्याआधी दोनदा विचार करावा लागला असता.

डिजिटल दिगंबर
दादाने कपाटही विकलं असतं. आणि त्याला भाव चांगला आला असता, हाहा.

खुर्चीवेडा
हे मात्र खरं. मान्य. खूश?

सनमायकासम्राट
चला, भावाचा मुद्दा मान्य झाला. मीही एक मान्य करतो : एकाच मासिकासाठी कपाट, ही कल्पना झकास आहे. सुताराला सुचली नसती. पण हिशेब करा. वर्षाला बारा, पंचवीस वर्षांचे तीनशे. ज्याने १९९० च्या जानेवारीपासून भरायला घेतलं, त्याचं २०१४ च्या डिसेंबरात भरलं. पुढचा अंक कुठे ठेवायचा?

शमाताई
ट्रंकेत.

गोथेनबर्गकर
बिलीवर.