मदत हवी आहे: नोव्हाच्या ३५० इंजिनला कुठला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा)?

१९७४ ची शेव्हर्ले नोव्हा, ३५० घनइंची व्ही-८. कॉम्प्रेशन साधारण ८.५:१, सिलिंडर हेड मूळचेच. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टर स्टॉक, मागचा गिअर ३.०८, ब्रेकला इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर. फ्लॅट टॅपेट कॅमचे (यात कॅमवर टेकणारा लिफ्टर सपाट बुडाचा असतो) दोन लोब, म्हणजे उंचवटे, झिजून गोल झालेत. परत हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट टाकू की रोलर (चाकवाल्या लिफ्टरचा)? लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेल्या २३४ अंश ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) एक कॅम स्वस्तात मिळतोय. गाडी फक्त रस्त्यावर चालते.

प्रतिसाद १
२३४ चा कॅम घेऊ नका. इतक्या ड्युरेशनला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, कमी आरपीएमला मिश्रण उलटं मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. ८.५ कॉम्प्रेशनला हे अजिबात परवडत नाही. सिग्नलवरून गाडी उठणार नाही आणि व्हॅक्यूम पडला की ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागेल. २१२ ते २१८ अंश, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११२ घ्या. मूळ हेडवर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलतो ते) ०.४५० इंचाच्या आसपासच ठेवा. पुढे गेलात तर रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आपटतो का ते मोजावं लागेल.

प्रकार विचाराल, तर पैसे असतील तर हायड्रॉलिक रोलर. पण तुमचा ब्लॉक रोलरसाठी बनलेला नाही, त्यामुळे नुसता कॅम बदलून भागत नाही: पट्टीने जोडलेले रेट्रोफिट (जुन्या ब्लॉकला बसणारे) लिफ्टर, आखूड पुशरॉड (लिफ्टरचा धक्का वर नेणारी कांडी), नवे स्प्रिंग आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून समोर थ्रस्ट बटण. कॅम बिलेट स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्याला चालणारा हवा, नाहीतर कॅम तो गिअर खाऊन टाकतो.

प्रतिसाद २
ड्युरेशनबद्दल सहमत. पण या गाडीला फ्लॅट टॅपेटही पुरेसा आहे, फक्त ब्रेक-इन (नव्या कॅमची पहिली धाव) नीट करा. लिफ्टर नवेच हवेत, लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, ऑइल भरपूर झिंकवालं. ऑइल पंप ड्रिलने फिरवून आधी प्रेशर आणा, टायमिंग आणि कार्ब्युरेटर तयार ठेवा, म्हणजे स्टार्टर रेटावा लागणार नाही. चालू होताच २००० ते २५०० आरपीएम, २० ते ३० मिनिटं, आयडलवर सोडायचं नाही. आयडलला लोबवर ऑइल कमी उडतं, लोब तिथेच जातो.

लिफ्टर स्वतःभोवती फिरला पाहिजे. पुशरॉडवर मार्करने रेघ मारा, स्पार्क बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवा. रेघ जागची हलली नाही, तर तो लिफ्टर बाहेर काढून त्याचा बोअर तपासा.

प्रतिसाद १
आणि कुठलाही कॅम टाका, त्याआधी ऑइल पॅन उतरवा. दोन लोबचा चुरा ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये गेलेला असणार. मेन आणि रॉड बेअरिंग उघडून पाहा, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून ब्रशने धुवा, पंप नवा टाका.