कोकणातली गावकी: राखायची की मोडायची?

पाखाडीवाला
गेल्या आठवड्यात काका वारले. रात्री अकराला मुंबईत फोन आला, आम्ही गावात पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तोवर लाकडं फोडून झालेली, घरटी एक माणूस हजर. कुणाला निरोप धाडावा लागला नाही. ही आमची गावकी. रत्नागिरी जिल्ह्यातलं लहानसं गाव. पाखाडी, म्हणजे गावातली दगडी पायवाट, दुरुस्त करणं, वहाळावर दगडमातीचा बंधारा घालणं, शिमग्यात पालखी घरोघरी नेणं, सगळं सभेत ठरतं. कागद नाही, शिक्का नाही. शहरात बसून 'सरंजामी अवशेष, बंद करा' म्हणणाऱ्यांनी सांगावं, मयताला कोण येणार? ग्रामसेवक?

मिरगाचा पाऊस
आमच्याकडे १९९८ साली आजी गेली, तेव्हा कुणी आलं नाही. बाबांनी जमिनीचा दावा कोर्टात लावला होता. गावातलं भांडण गावाबाहेर नेलं म्हणून घर वाळीत. बाबा, धाकटा काका आणि परगावाहून आलेले आईचे दोन भाऊ, एवढेच खांदेकरी. मी नववीत होतो. वाण्याकडे मीठ मिळेना, कारण आम्हाला माल देणाऱ्यालाही दंड होता. शेवटी आम्हीच दंड भरून सुटलो, आणि ती रक्कम जमाखर्चाच्या वहीत 'देवाच्या नावे' लिहिली. तुमच्या बिनकागदी संस्थेचा तेवढा एक कागद मी पाहिलाय.

सुपारीबाग
वाईट झालं, नाही म्हणत नाही. पण चार पंच नासके निघाले म्हणून गावकीच नको? गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या खोल्या होत्या. नोकरी नसलेल्या पोराला तिथं वळकटी टाकायला जागा मिळायची. ती सोय ना सरकारने केली ना मालकाने. गावानेच वर्गणी काढून केली.

तारीख पे तारीख
कायद्याचं थोडक्यात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये असा कायदा केला होता, पण बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. म्हणजे १९९८ साली तुमचे वडील कुठलं कलम दाखवणार होते?

आणि कुणीतरी ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं आंबेडकरांचं भाषण आणणारच, तर मीच आणतो. खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकं, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलेलं चित्र त्यांनी तिथंच फाडून टाकलं होतं.

सुपारीबाग
झालं तर मग. कायदा आहे ना आता? नासक्या पंचांना आत टाका, गावकी राहू द्या.

विळीवरची
सुपारीबाग, नासके पंच आणि चांगली गावकी असं वेगळं काढताच येत नाही. खांदा खरा आहे, म्हणूनच वाळीत टाकण्याची भीती खरी आहे. जी माणसं आली नाहीत तर घरातलं प्रेत उचललं जाणार नाही, त्यांच्यासमोर सभेत 'मला पटत नाही' म्हणायला छाती लागते. कायदा पंचाला आत टाकील, पण शेजाऱ्याला मयताला यायला लावू शकेल का?

आमच्याकडे सभेला बायका बसत नाहीत. माझी सासू विधवा, गावकीची घरटी वर्गणी पुरी भरते, पण सभेत हाक मारतात ती मुंबईत राहणाऱ्या दिराच्या नावाने. आणि पाखाडीवाले दादा, पालखी घरोघरी जाते म्हणालात. अगदी सगळ्या घरी?

पाखाडीवाला
एक घर सोडून.

पोरीने जातीबाहेर लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली. वाळीत वगैरे नाही हो, बोलतात सगळे. फक्त पालखी त्यांच्या अंगणात थांबत नाही. हे सभेत ठरलेलंसुद्धा नाही, आपोआप झालं.

मिरगाचा पाऊस
आपोआप काही होत नसतं. पालखी खांद्यावर असते, आणि खांदे माणसांचे असतात. काकांच्या मयताला त्या घरातलं कुणी आलं होतं?

पाखाडीवाला
आला होता. मुलीचा बाप. लाकडं त्यानेच फोडली.

शिमग्याची सभा दोन आठवड्यांवर आहे. विषय काढतो. गावाच्या मुंबईतल्या मंडळातले तिघं माझ्या बाजूचे आहेत, गावातल्या म्हाताऱ्यांचा भरवसा नाही. वडील म्हणतात, आत्ताच तर काकांचं उरकलंय, गावाशी लगेच वाकडं कशाला.

विळीवरची
वडिलांचं वय किती?

पाखाडीवाला
एक्याऐंशी.