मदत हवी आहे: गुळाच्या बॉक्सवर ‘जॅगरी’ लिहावं का?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. आमच्या गुऱ्हाळाच्या एक किलोच्या ढेपेसाठी बॉक्स छापायचाय, पुढं इंग्लिश नाव आणि मागं त्या शब्दाची थोडी माहिती.

शुगर शब्द संस्कृत शर्करापासून फारसी शकर, अरबी सुक्कर, मग फ्रेंच असा फिरत इंग्लिशमध्ये गेला, आपली साखरपण त्यातलीच. जॅगरी पोर्तुगीजांमार्फत गेला, त्यांनी तो दक्षिणेकडनं उचललेला, पण मूळ परत शर्कराच! म्हणजे दोन्ही सख्खी भावंडं, मला तर हे लय भारी वाटतं.

अडचण अशी की इंग्लिशमध्ये ताडगुळालापण जॅगरीच म्हणतात, मग नुसतं जॅगरी चालेल का ‘केन जॅगरी’ लिहू? परदेशात राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, तिकडं दुकानात काय लिहितात? डिझाइन प्रेसला द्यायचं थांबवून ठेवलंय.