उड्डाणपुलाच्या तोंडाशी अंधारात उभं बॅरिकेड : तक्रार कुठे करायची? मदत हवी आहे

निशिगंध :

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला बाबा (वय ६४) स्कूटरवरून घरी येत होते. पाऊस भुरभुरत होता. उड्डाणपुलाची चढण सुरू होते तिथे डावीकडे काम चालू आहे, म्हणून लोखंडी बॅरिकेड लावलेत. पुढची बस अचानक उजवीकडे वळली आणि बाबांच्या समोर थेट बॅरिकेड. त्यांनी स्कूटर वळवली होती, पण बॅरिकेडचा खालचा पाय बाहेर आलेला असतो ना, त्यात चाक अडकलं. मनगटाचं हाड मोडलंय. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. चमकणारी पट्टी आहे, पण तिच्यावर चिखलाचा थर आणि वर कुठल्याशा क्लासची जाहिरात चिकटवलेली. दिवा नाही. आधी 'पुढे काम चालू' असा फलकही नाही. शेजारचे पंक्चरवाले काका म्हणाले, डंपर आत घ्यायला रोज बॅरिकेड सरकवतात आणि कधी कधी तसंच तिरकं सोडून जातात. आम्ही दोघांनी ते आत ढकललं. संध्याकाळी पुन्हा बाहेर!

मी तीन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्याने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, तिसरीकडे लेखी द्या म्हणाले, पण कोणाच्या नावाने ते सांगितलं नाही. बॅरिकेड कसं लावावं याचा काही नियम असतो का? आणि मीही रोज लेकीला मागे बसवून तिथूनच जाते. तोवर चालवताना काय सांभाळू? खूप काळजी वाटते.

मुरूम_खडी :

बाबांना लवकर बरं वाटो. मी बारा वर्षं रस्त्यांच्या साइटवर काढलीत, म्हणून लिहितो.

नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, तिची 'एसपी ५५' ही मार्गदर्शिका कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठीच आहे. आधी सूचना देणारा टप्पा, मग रस्ता हळूहळू अरुंद होणारा टप्पा, मग काम, शेवटी रस्ता मोकळा. तुमच्या वर्णनावरून पहिले दोन टप्पे तिथे नाहीतच, थेट बॅरिकेड.

रात्री त्याच जागेचे दोन फोटो काढा, एक फ्लॅश लावून, एक न लावता. चांगली पट्टी फ्लॅशमध्ये लखलखते. ती काळीच राहिली तर वाद घालायची गरज उरत नाही. तारीख, वेळ आणि जवळच्या खांबाचा क्रमांक फोटोत येऊ द्या. अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा. सोबत माहिती अधिकारात त्या कामाची परवानगी आणि तिच्या अटी मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि रस्ता कोणाचा तेही कागदावर येतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलंय. सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची यंत्रणा असो वा ठेकेदार, १ लाखापर्यंत दंड आहे. तो दंड जखमी माणसाला मिळत नाही, पण अर्जात कलम लिहिलं की कागद लवकर हलतो, हा माझा अनुभव.

रोजचा_प्रवासी :

बसच्या मागे चिकटून जाऊ नका, हे सगळ्यात आधी. ताशी ४० किलोमीटर वेगाला समोरचं दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण ४५ मीटर लागतात असं रस्ते आखताना धरतात. बस त्या अंतरातलं सगळं झाकून टाकते. अगदी डाव्या कडेने जाऊ नका, बॅरिकेडचे पाय आणि खडी तिथेच असते. हेल्मेटच्या काचेवर चरे असतील तर ती बदलाच. पावसात समोरच्या दिव्यांची तिरीप त्या चऱ्यांत पसरते आणि काही दिसत नाही.

निशिगंध :

दोघांचे मनापासून आभार. काच उद्याच बदलते. आत्ता भावाबरोबर जाऊन फोटो काढले, फ्लॅशमध्ये पट्टी खरंच काळीच आली. एक राहिलं : त्या रात्री धावपळीत पोलिसांत काहीच नोंदवलं नाही. दवाखान्याचे कागद आहेत. आठ दिवसांनी नोंद करून घेतात का? कोणी केली असेल तर कृपया सांगा.