घरच्या घरी इतिहास: मुलांसोबत काय काय केलंत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

मुलगी चौथीत आहे. शिवाजी महाराजांचं सगळं तोंडपाठ, पण त्यांच्या आधीही इथे कुणी राहत होतं हे आमच्या बाईसाहेबांना पटतच नाही, सातवाहन म्हटलं की जांभई. आपल्या आजूबाजूला एवढं पडलंय म्हणून विचारतेय, तुम्ही पोरांच्या हाताला काय काम दिलंत? दुकानातून थर्माकोलचा किल्ला आणून चिकटवला वगैरे नको प्लीज, तो आईवडिलांचाच होमवर्क असतो.

पाथर्डी फाटा:
मग सातवाहनांपासूनच घ्या की. जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी, क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, वरून आपला ठसा मारलेला. म्हणजे हरलेल्याचा पैसा वितळवत बसला नाही, तोच घेतला आणि छाप मारून चालवला. आम्ही शाडूच्या रुपयाएवढ्या चकत्या केल्या, अर्ध्या बटाट्यावर राजाचं तोंड कोरून दाबलं, दुसऱ्या बटाट्यावर तीन कमानींचा डोंगर (हा गौतमीपुत्राचा), आणि माती ओली असतानाच पहिल्यावर दुसरा ठसा. नहपानाचं नाक डोंगराच्या बाजूने डोकावतच राहिलं. धाकटा म्हणाला, आधीचं नीट पुसून का नाही घेतलं, मोठी म्हणाली मुद्दामच ठेवलं असणार, हातात नाणं आलं की कळायला नको का कोण हरलं ते! त्यावर दोघांची जी जुंपली ती जेवणापर्यंत चालली, मी अजिबात मध्ये पडलो नाही. अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम त्यानंतर दाखवलं. क्रम उलटा केला असता तर पोरं काचेला नाक लावून पाच मिनिटांत बाहेर आली असती.

इंदिरानगर:
वरच्यांना जोडूनच. त्याच गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख पांडवलेण्यांत ३ नंबरच्या लेण्यात आहे. नातू पुळुमावी गादीवर असताना आजीने आपल्या गेलेल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलंय, हे सांगितलं की कुठलंही पोर ऐकतं कारण आजी म्हणजे अशीच असते. आम्ही आधी घरी ब्राह्मी लिपी शिकलो, अशोकाच्या काळातली, ती सोपी. क म्हणजे अधिकची खूण, ग म्हणजे घराचं छप्पर, ठ म्हणजे गोल, त्यात टिंब दिलं की थ, आणि न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. ‘गगन’ तर बालवाडीतलं पोरही लिहील. महिनाभर फ्रिजवर सिक्रेट चिठ्ठ्या लागत होत्या, बाबांना वाचता येऊ नये म्हणून. मग वर चढलो तर लेण्यातली अक्षरं जरा वेगळ्या वळणाची, तरी लेकाने न शोधून काढलाच आणि शेजारच्या ग्रुपला गाइडसारखं समजावत बसला.

सिडको:
बटाटे, चिठ्ठ्या सगळं छान, पण वेळ कुणाकडे आहे हो? आमच्याकडे दोघं नोकरीला.

नाशिकरोड:
सिडको, रविवारचा एक तास पुरतो. जुन्या कुंडीत तळाला फुटक्या माठाचे तुकडे, मग माती, मग आजोबांच्या काळातली बटणं नि जुनी नाणी, परत माती, वर चॉकलेटची वेष्टनं. पोरांनी चमच्याने आणि ब्रशने उकरायचं, कुठल्या थरात काय सापडलं ते वहीत लिहायचं. सगळ्यात जुनं तळाला, हे न सांगता कळतं. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या टीमने असंच थराथराने खणलं होतं.

पंचवटी:
माझं जरा वेगळं आहे. काळारामाच्या गल्लीतून रोज जाणाऱ्या पोराला २ मार्च १९३० माहीत नसावं हे मला खटकायचं. गच्चीवर खडूने देऊळ काढलं, चार दरवाजे, चारही बंद. चुलत भावंडांतल्या निम्म्यांना आत बसवलं, उरलेल्यांना बाहेर, का ते सांगितलं नाही. पाच मिनिटांत बाहेरच्यांचा आवाज चढला, आणि आतले मात्र मजेत, त्यांना काही प्रश्नच पडला नाही, मला तेच दाखवायचं होतं. मग सांगितलं की अस्पृश्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहात माणसं अशीच दरवाजांपुढे बसली होती, आणि ते एका दिवसात संपलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. लेकाने विचारलं की आपल्या घरचे तेव्हा आत होते की बाहेर. खरं तेच सांगितलं. हे करायचं असेल तर या प्रश्नाची तयारी ठेवा.

म्हसरूळ:
दिवाळीचा किल्ला तर सगळेच करतो, फक्त यंदा रामशेज करा आणि पोरांना एकच प्रश्न द्या, वर पाणी कुठून? एवढासा किल्ला मुघलांशी पाच वर्षांहून जास्त झुंजला, लाकडी तोफांची गोष्ट सगळे सांगतात पण टाक्यांचं कुणी बोलत नाही. आमच्या पोरांनी टाकी खोदून पाणी ओतलं, ते मातीत जिरलं, मग खऱ्या गडावर ते का जिरत नाही इथून कातळाचा विषय निघाला. अळीव पेरायचं राहूनच गेलं.

धागाकर्ती:
नाण्यांपासून सुरुवात करते. शाडू आता कुठे मिळेल, गणपती तर होऊन गेले?

पाथर्डी फाटा:
कुंभाराकडे विचारा, साधी चिकणमातीही चालते, चाळून घ्या फक्त. पीओपी नका घेऊ, पटकन घट्ट होतं, दुसरा ठसा बसतच नाही.