लेकीचा एक्झिमा: जंतुनाशक साबण, प्रोबायोटिक की आणखी काही? सल्ला हवाय

सायली_नाशिक:
नमस्कार मंडळी. लेक साडेतीन वर्षांची, कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे एक्झिमा आहे, थंडी पडली की हमखास वाढतो, रात्री झोपेत खाजवते आणि सकाळी चादरीला रक्ताचे डाग. डॉक्टरांनी मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइडचं मलम दिलंय पण सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला स्टिरॉइड नको, जाऊबाई म्हणतात अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाक, आणि मी वाचलं की या सगळ्यामागे त्वचेवरचे बॅक्टेरिया असतात. मग तेच मारायचे ना? की उलट चांगले बॅक्टेरिया द्यायचे, प्रोबायोटिक वगैरे? साबण, तेल, काहीही सुचवा. ब्रँड नको, प्रकार सांगा.

मोरपीस:
आमच्याकडे घाण्याचं खोबरेल. अंग ओलसर असतानाच लावायचं. फरक पडतो.

खाजकुयली:
सायली, मला स्वतःला लहानपणापासून आहे (आयडी उगाच नाही घेतलाय) आणि मायक्रोबायोलॉजी शिकलेय, त्यामुळे जरा लांबड लावते.

बॅक्टेरियाचं तू वाचलंस ते खरंच आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा एक आहे (पुढे त्यालाच स्टॅफ म्हणते), एक्झिमा असलेल्या साधारण ७० टक्के लोकांच्या चट्ट्यांवर तो सापडतो. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांच्या त्वचेचे नमुने वेळोवेळी घेतले, तर चट्टे भडकले की बाकीची विविधता कमी आणि स्टॅफ वाढलेला, उपचारांनी चट्टे बसले की विविधता परत. हा प्राणी नुसता बसून राहत नाही, त्याचं एक टॉक्सिन ॲलर्जीच्या पेशींना चेतवतं, आणि २०२३ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की त्याचं एक एन्झाइम थेट खाजेच्या नसेलाच डिवचतं. म्हणजे पोरगी उगाच नाही खाजवत.

पण तो तिथे टिकतो कसा? त्वचेची वरची भिंत कच्ची असते म्हणून. फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं, काहींच्या जीनमध्येच ते कमी पडतं, हे २००६ मध्ये कळलं. आणि प्रतिकारशक्ती कमी नसते हं, ती चुकीच्या बाजूला तापलेली असते. आयएल-४ आणि आयएल-१३ (इंटरल्यूकिन नावाची प्रोटीन) हे तिचे निरोपे, ते फिलॅग्रिन आणखी कमी करतात आणि त्वचा स्वतः जे जंतुनाशक प्रोटीन बनवते तेही दाबतात, मग स्टॅफला रान मोकळं, तो आणखी भडकवतो, खाजवलं की भिंत आणखी फाटते, परत तेच.

त्यामुळे रोज जंतुनाशक नको. त्वचेवर स्टॅफिलोकॉकस होमिनिससारखे भले जंतूही असतात जे ऑरियसला मारणारी द्रव्यं सोडतात, तेही जातात. सगळं रान जाळलं की आधी घाणेरीच उगवते ना, तसं.

शंकासुर:
मग ब्लीच बाथ, म्हणजे अंघोळीच्या पाण्यात थोडं ब्लीच? आमच्या अमेरिकेतल्या भाचीला सांगितला होता. आणि ते बॅक्टेरियावालं मलम येणार होतं त्याचं काय झालं?

खाजकुयली:
ब्लीच अगदी पातळ असतं, ०.००५ टक्क्यांच्या आसपास. पण चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर साध्या पाण्यापेक्षा फार जास्त फायदा दिसला नाही. घरी अंदाजपंचे बाटली ओतू नका प्लीज. बॅक्टेरियावाल्या औषधाचं म्हणशील तर रोझोमोनास नावाच्या भल्या बॅक्टेरियाचे सुरुवातीचे निकाल छान होते, २०२१ च्या मोठ्या चाचणीत औषध नापास. होमिनिसवर काम चालू आहे, दुकानात काही नाही. पोटातून घ्यायच्या प्रोबायोटिकचा कॉक्रेनने (औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१८ मध्ये आढावा घेतला, फरक जवळपास नाहीच. पैसे वाचव.

त्वचा_डॉक:
मुलीला बघितल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांसाठी. ब्रिटनमध्ये जंतुसंसर्गाची सौम्य लक्षणं असलेल्या मुलांवर चाचणी झाली होती, स्टिरॉइड मलम आणि मॉइश्चरायझरच्या जोडीला अँटिबायोटिक देऊन जादा फायदा झाला नाही. सूज उतरली की स्टॅफ आपोआप घटतो. ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन तर जंतूंना हातही लावत नाही, फक्त आयएल-४ आणि १३ चा रस्ता अडवतं, तरी स्टॅफ कमी होतो. (मुलीला ते लागेल असं म्हणत नाहीये, मुद्दा कळावा म्हणून.)

सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस लावलं तर भीतीचं कारण नाही. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम मोठ्यांच्याच दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. भीती बाळगायचीच तर केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइड, अँटिफंगल, अँटिबायोटिक अशा तिन्ही-एकत्र ट्यूबची बाळगा.

आणि अचानक ताप, चट्ट्यांवर एकसारखे दुखरे पुटकुळ्यांचे पुंजके दिसले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. ते हर्पिस (एक व्हायरसचा संसर्ग) असू शकतं. मधासारखी पिवळी खपली, पू आला तरी दाखवा, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं.

सायली_नाशिक:
खूप आभार सगळ्यांचे 🙏 साबण बंद करून डाळीचं पीठ लावू का? आणि तेल कुठलं?

खाजकुयली:
पीठ नको गं. फाटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रोटीन आत गेली की त्याचीच ॲलर्जी जडू शकते. बिनवासाचं, साबण नसलेलं क्लीन्झर घे, कोमट पाणी, पटकन अंघोळ. तेलात मोरपीस म्हणतेय ते चालेल, व्हर्जिन खोबरेलाच्या छोट्या चाचण्या झाल्यात, मिनरल ऑइलपेक्षा बरं निघालं. मोहरीचं आणि ऑलिव्ह नको, भिंत आणखी बिघडते. मॉइश्चरायझर मात्र हवंच, भरपूर, ब्रिटिश डॉक्टर मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात.

सायली_नाशिक:
बापरे, आमची १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते!

त्वचा_डॉक:
मग कमी पडतंय. मोठा पॅक घ्या, पंपवाला मिळाला तर उत्तम. डबा असेल तर स्वच्छ चमच्याने काढा, बोटं बुडवली की स्टॅफ डब्यातही जातो.