वेलांकनीला आईचा नवस फेडायचाय, सणाला जाऊ की नंतर?

टोरांटोचा_वसईकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा वसईचा, हल्ली कॅनडात, ओसीआय कार्ड आहे त्यामुळे व्हिसाची कटकट नाही. धाकटी जन्मली तेव्हा बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, त्या वेळी आईने तिकडे वसईत तमिळनाडूतल्या वेलांकनीच्या आरोग्यमातेला, म्हणजे मरियामातेला, नवस बोलला की पोरीला तिच्या पायांनी चालवत तुझ्या दारात आणीन. पोरगी आता आठ वर्षांची, उड्या मारते, आणि आई सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेत, दर रविवारी चर्चमधून मिस्सेवरून (प्रार्थनेवरून) आली की फोनवर हाच विषय. अडचण अशी की सण 8 सप्टेंबरचा आणि इथे शाळा लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की लगेच उघडते. बायको म्हणते माउंट मेरीला जाऊ, तीही माताच आहे, वांद्र्याला अर्ध्या दिवसात होईल. कुणी परदेशातून येऊन केलंय का हे? कधी जावं?

पापडीकर
वहिनींना सांगा माउंट मेरीला जरूर जा, मेणाचं बाळ घेऊन पोरीच्या हाताने ठेवा, पण नवस वेलांकनीचा आहे ना, मग तो तिथेच. आणि जत्रेच्या आशेने वांद्रे म्हणत असाल तर ती 8 तारखेनंतरच्या रविवारी लागते, आठवडाभर चालते, म्हणजे तीही हुकणारच तुमची. आमच्याकडची माणसं ग्रुपने जातात, सणाच्या दिवसांत मुंबईहून स्पेशल गाड्या सुटतात, जेवणाची भांडी, जपमाळ, गाणी, सगळा डबा म्हणजे वसईच. पण पोरांना आणि आजीला घेऊन एवढा लांबचा प्रवास मी तरी नाही करणार.

त्रिचीतली_मराठी
मी इकडेच राहते म्हणून सांगते. सण फक्त 8 तारखेचा नाही, 29 ऑगस्टला संध्याकाळी झेंडा चढतो तिथून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू, 7 च्या रात्री मोठा रथ, 8 ला झेंडा उतरतो. तुम्ही झेंड्याला या की! दुसऱ्या दिवशी निघालात तरी शाळेच्या आत टोरांटो गाठाल, आणि सणाला आल्याचं आईंचं समाधानही होईल. विमानाने त्रिची, तिथून गाडीने तंजावरमार्गे साधारण दीडशे किलोमीटर. रेल्वेने आलात तर आता थेट वेलांकनीपर्यंत रूळ आहेत, पूर्वी नागपट्टणमला उतरावं लागायचं.
गर्दी मात्र लाखांत, हे आधीच डोक्यात ठेवा. भगवी वस्त्रं घालून कित्येक दिवस चालत आलेले लोक, त्यात हिंदू भरपूर, कुणी मुंडण करतंय, कुणी नारळाचं रोप घेऊन उभं. माता साडीत असते, म्हणून आई बहुतेक साडी घेऊनच निघतील, निघू दे. बॅसिलिकापासून (मुख्य चर्चपासून) जुन्या तळ्याकडे वाळूची वाट आहे, लोक तिच्यावरून गुडघ्यांवर जातात. ते तळं म्हणजे दूध घेऊन नागपट्टणमला निघालेल्या पोराला माता दिसली ती जागा. आईंना गुडघ्यांवर जाऊ देऊ नका, हट्ट करतील. पोरगी चालेल त्या वाटेने, नवसात चालणंच बोललंय ना.
आणि पोरांना समुद्रात सोडू नका. अगदी लागूनच आहे, 2004 च्या त्सुनामीत इथे किनाऱ्यावर शेकडो माणसं गेली, त्यातले किती तरी यात्रेकरू.

गिरीजचा_बाबू
सगळे सणसण करतायत म्हणून उलटं बोलतो. सणाला तुम्हाला माता दिसणार नाही, पुढच्याची पाठ दिसेल. एरवीच्या आठवड्यात जा, वेदीजवळ निवांत बसता येतं, ती जुनी चिनी मातीची चित्रांची ताटं बघा, पोर्तुगीज खलाशी वादळातून वाचून इथे लागले, त्यांनी आणलेली सांगतात, आणि नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचं म्युझियम आहे तिथे पोरं रमतात. फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर नको, तिकडचा पाऊस तेव्हा असतो. पोरांच्या शाळेचा मार्च ब्रेक मिळतोय ना? ईस्टरआधीचा उपवासकाळही पडेल, आईंना आवडेल. एक राहिलं, सणात मराठीत मिस्सा असते, एरवी तमिळ किंवा इंग्रजीवर भागवावं लागेल. आणि आईंना विचारलंत का मुळात? नवस त्यांचा आहे, कॅलेंडर तुमचं चाललंय.

टोरांटोचा_वसईकर
बाबू, तुमचं शेवटचं वाक्य वाचून तसाच फोन लावला. मी मार्च, गर्दी, गुडघे सगळं सांगितलं, तिने शांत ऐकून घेतलं आणि म्हणाली झेंडा चढताना मला बघायचाय, मराठी मिस्सा मिळाली तर उत्तम, बाकी तुम्ही पोरांना घेऊन कधीही जा, मी आपल्या बायकांबरोबर गाडीने जाईन. म्हणजे मीच पाहुणा! तेव्हा ऑगस्टच ठरलं, बायकोही तयार, फक्त तिचं माउंट मेरी आधी होईल. ताई, एवढंच सांगा, 29 ला उतरायला खोली कुठे बघू, की नागपट्टणमला राहून यावं?

त्रिचीतली_मराठी
देवस्थानाची स्वतःची राहायची सोय आहे, पण सणात तिच्या भरवशावर राहू नका. नागपट्टणमला थांबा, दहा-बारा किलोमीटरवर आहे. झेंड्याच्या दिवशी दुपारीच येऊन बसा, संध्याकाळी गाड्या लांबच अडवतात आणि पुढे आईंना चालत आणावं लागेल.